मधले तीन दिवस

१

भाडेकरू गेले की खोली मी धुवायचे. कामाला बाई यायची, बाकीच्या खोल्या तीच धुवायची; दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली मात्र माझी. गुडघे नको म्हणायचे तरी जिना चढायचे. आधी झाडू, मग बादलीभर पाणी, मग कोरडं फडकं. खिडकी लावायची, दार ओढायचं, कुलूप. तीन दिवस कुलूप राहायचं. चौथ्या दिवशी नवे लोक.

घर माझ्या मुलाचं, ताहेरचं. लातुरात गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि प्रत्येक पोराला झोपायला गादी लागते. आम्ही पिंजारी, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरणारे. ताहेरनं मशीन आणली, गाद्या खपल्या. मग त्याच्या ध्यानात आलं की गादी एकदाच विकता येते, गादीखालची जागा मात्र दर महिन्याला विकता येते. तीन मजले उठले. खाली आम्ही, वर खोल्या.

मी तेव्हा म्हणाले होते, "लोकांच्या डोक्यावरच्या छपराचा धंदा करू नये बाबा."

"मंग बांधायचं कोनी, अम्मी? फुकट बांधून राहिलं का कोनी? मी न्हाई बांधलं तर ही पोरं काय बसस्टँडवर झोपतील?"

 

कागद अकरा महिन्यांचा. अकरा संपले की सामान बाहेर, तीन दिवस आमचं कुलूप; त्यांनाच परत राहायचं असलं तरी चौथ्या दिवशी नवा कागद. असं केलं की जागेवर कुणी हक्क सांगत नाही म्हणे. "ते तीन दिस लोकांनी जावं कुठं?" मी विचारलं. ताहेर म्हणाला, "पाव्हणे असतात की सगळ्यांना."

किल्ल्यांचं जुडगं तेव्हा माझ्याकडे असायचं. त्यात मी एक चांदीचं घुंगरू ओवलं होतं. माझ्या जिक्राच्या पैंजणाचं. जिक्रा माझी पहिली, ताहेरच्या आधीची. पाच वर्षांची होऊन गेली.

२

पहिल्यांदा खोली रिकामी झाली ती परभणीचे लोक गेले तेव्हा. मी धुतली, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं खिडकी आपटत नाही ना, हे बघायला वर गेले, तर दाराखालच्या फटीतून कापूस बाहेर आला होता.

गादीचाच असणार, असं मी मनाला सांगितलं. पण गाद्या तर आदल्या दिवशीच खाली उतरवल्या होत्या. आणि कापूस मला कळतो. मशीनचा कापूस मेल्यासारखा पडून राहतो. हातानं पिंजलेला उभा राहतो. फुंकर मारली तर उठून चालायला लागतो. हा तसा होता. आमच्या घरात हातानं पिंजलेला कापूस कलीम गेल्यापासून नाही. कलीम म्हणजे ताहेरचे अब्बा, माझा मालक. मालक हा शब्द बघा कसा, नवऱ्यालाही तोच आणि घरवाल्यालाही तोच.

कापूस ओढणीच्या टोकाला बांधून मी खाली आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जोहरची अजान होऊन गेल्यावर, वर चढताना जिन्यातच आवाज ऐकू आला. टुंईं. टुंईं. टुंईं. पिंजणाची तात. धनुष्यासारखं लांब लाकूड, त्याला ताणलेली तात, तिच्यावर लाकडी ठोकळ्याचा मार. शेजारी कुणी गज कापत असेल, म्हटलं. डिशच्या तारेला वारा लागत असेल. दाराला कान लावला.

कलीमच्या अंगठ्याला जुनी जखम होती. त्याचा हात दर सातव्या ठोक्याला चुकायचा, मग तो स्वतःशीच "हं" म्हणायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आम्ही तेव्हा नांदेडला राहायचो; उभ्या नांदेडात मी डोळे मिटून सांगितलं असतं, हा कलीमचा हात.

आतला आवाज सहा वेळा आला. सातव्याला थांबला.

"हं."

चौथ्या दिवशी ताहेरनं खोली उघडली तेव्हा मी त्याच्या मागंच उभी होते. स्वच्छ फरशी, बंद पंखा, भिंतीवर कुणीतरी चिकटवलेला हाडांचा तक्ता. दुसरं काही नाही.

३

पुढचे अकरा महिने मी बोटांवर मोजले. हदगावची दोन भावंडं राहत होती, गुणी लेकरं, दादी दादी करायची. त्यांना कधी एकदा बाहेर काढते असं मला झालं होतं. हे आज कबूल करते.

ती गेली. मी चटई आणि शिवायची गोधडी घेऊन वरच्या व्हरांड्यात जाऊन बसले. सुनेला सांगितलं, खाली गरम होऊन राहिलं.

तीन दिवस. सकाळी काही नसायचं. दुपार कलली की आधी कापूस, मग तात. दुसऱ्या दिवशी त्यात खोकला मिसळला. लहान, कोरडा, तीन-तीनदा येणारा. आणि पैंजण, पण एकाच पायाचं. जिक्राला एका पायानं दुसरा पाय खाजवायची खोड होती, तसं.

हातातली सुई तिथंच ठेवून मी दारापाशी सरकले, कमरेच्या किल्ल्या वाजल्या. मी हलकेच म्हणाले, "जिक्रा."

आत सगळं गप झालं. तात गप, खोकला गप. भाड्याच्या घरात दार वाजलं की माणसं जशी श्वास धरून बसतात ना, तसं. ती चुप्पी मला ओळखीची होती. आयुष्यभर मी ती आतून ऐकली होती, बाहेरून पहिल्यांदाच.

त्यानंतर मी हाक मारली नाही. नुसती ऐकत बसले. कान वाजतात म्हणून डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यानं बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, "आजी, कानात मळ हाय." मळ काढला. ऐकू आणखी चांगलं यायला लागलं.

४

नांदेडात आम्ही इतवारा मोहल्ल्यात राहायचो. एक खोली, शेणानं सारवलेली जमीन, दाराला कडीजवळ बोटभर फट. घरमालक खालच्या आळीत राहायचे. वाईट माणूस नव्हता. ईदेला शिरखुर्मा प्यायला यायचे, दिवाळीला फराळ धाडायचे. पण त्यांचाही नियम होता: अकरा महिने झाले की तीन दिवस घर रिकामं. आम्ही भांडी-कुंडी उचलून सरकीच्या गोदामाच्या पडवीत जायचो, पोत्यांच्या आडोशाला तीन दिवस काढायचो, चौथ्या दिवशी परत. नवीन घरात दूध उतू घालतात, मी त्याच घरात दरवेळी घालायचे. कलीम हसायचा. म्हणायचा, या घरानं आपल्याला किती वेळा नवीन व्हायला लावावं.

शेवटच्या खेपेला पौषाची थंडी होती आणि जिक्रा तापली होती. मी आदल्या दिवशी मालकांकडे जाऊन आले. ते म्हणाले, बघू.

सामान बांधायची दुपार. कलीम एका गिऱ्हाइकाची गादी पुरी करायला शेवटचा कापूस पिंजत होता. मी भांडी बोचक्यात घालत होते. तेवढ्यात दाराबाहेर कुणी येऊन उभं राहिलं. किल्ल्या वाजल्या. मालकच आले असं वाटलं. पण किल्ल्यांत एक घुंगरूही वाजलं, आणि मी आधी जिक्राच्या पायाकडे बघितलं. पाय गोधडीतून बाहेर आलेला, निपचित.

मी म्हणाले, "मालक, पोर तापलीय. आठ दिस राहू द्या."

उत्तर नाही. नुसता श्वास. किल्ल्या पुन्हा हलल्या.

"काही तरी बोला ना मालक."

फटीला डोळा लावला. बाहेर नुसतं ऊन. कडी काढून दार उघडलं. कुणी नाही.

आम्ही गेलो. पडवीतल्या दुसऱ्या पहाटे जिक्रा गेली.

चौथ्या दिवशी मालक आले. कळल्यावर दाराच्या चौकटीला धरून रडले. मी विचारलं, "त्या दुपारी दारापर्यंत आलात आन न बोलता गेलात, असं का केलं?" ते म्हणाले, "हुसेनबी, मी तर घरच्यांना घेऊन माहूरला होतो. तीन दिस मी नांदेडातच न्हाई."

मंग कोण होतं, हा प्रश्न मी चाळीसाच्या वर वर्षं उराशी घेऊन फिरले. इथं चटई टाकून बसले तेव्हा तो माझ्या ध्यानातही आला नाही. मी कान लावून बसले होते, डोकं नाही.

५

तिसरी भाडेकरीण रत्नम्मा. देगलूरची, गळ्यात लिंग, कपाळी विभूती, तोंडानं फटकळ. पोरगी शिवगंगा क्लासला. पोरीला घरचं जेवण मिळावं म्हणून आई गाव, नवरा, म्हशी सोडून इथं येऊन राहिली होती. मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी, आणि दर सोमवारी माझ्यासाठी पुरणाचं काहीतरी घेऊन खाली यायची. "घ्या खाला, तुमच्या दातांना चालंल असं हाय."

अकरावा महिना संपत आला आणि शिवगंगाला टायफॉइड झाला.

"खाला, आठ दिस थांबू द्या," रत्नम्मा म्हणाली. "परत जायाचंच हाय आमाला. निसता ताप उतरू द्या. अशा पोरीला घेऊन तीन तास एसटीत बसू का?"

"नियम हाय, रत्नम्मा."

"नियम कोनाचा? ताहेरभाऊ तर म्हनले, अम्मीला विचार."

तेही खरं होतं. ताहेर आदल्या दिवशी जेवताना म्हणाला होता, "राहू दे की अम्मी आठ दिस. नवे लोक पुढच्या महिन्यात येनार हायेत. माझं काय नुकसान न्हाई." आणि मी म्हणाले होते, "एकाला सूट दिली की सगळे मागतील. तूच सांगत होता." तो हसला. "अम्मी तर माझ्याहून पक्की मालकीण झाली!"

त्याला काय ठाऊक. त्याचा फायदा महिन्याच्या महिन्याला होता. माझा अकरा महिन्यांतून तीन दिवस. पण तो कुणाला तरी बाहेर काढल्याशिवाय मिळत नव्हता.

"खाला," रत्नम्मानं माझ्या डोळ्यांत बघितलं, "तुमी बी भाड्यानं राह्यल्या ना नांदेडला? तुमीच सांगत व्हत्या."

"हाव."

"मंग?"

मी जुडगं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "दुपारपर्यंत खोली मोकळी कर," म्हणाले.

ती गाठोडी बांधायला वर गेली. तो सोमवार होता; पुरण काही आलं नाही.

६

दुपारी सामान खाली गेलं. शिवगंगा आईच्या खांद्यावर मान टाकून एकेक पायरी उतरली. जाताना म्हणाली, "येते दादी." तोंड सुकून गेलं होतं पोरीचं.

मी खोली धुतली. नेहमीपेक्षा भराभरा. कुलूप लावलं आणि दारापाशीच उभी राहिले. चटई अंथरायचाही धीर नव्हता. खाली रत्नम्मा ऑटोवाल्याशी घासाघीस करत होती, तिचा आवाज जिन्यातून वर येत होता.

या वेळी दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागली नाही.

टुंईं. टुंईं. अगदी जवळ, जणू तात दाराच्या लाकडालाच बांधलेली. खोकला, तीनदा. मग एक आवाज जो आधी कधी आला नव्हता: भांड्यात भांडं घालून बोचकं बांधल्याचा. पितळी तांब्या, त्यावर परात. तो तांब्या मी हुंड्यात आणला होता, कानावरून ओळखला.

मी दाराला आणखी चिकटले. हातातल्या किल्ल्या वाजल्या. किल्ल्यांत घुंगरू वाजलं.

आत तात थांबली.

आणि एक बाई म्हणाली, तरणी, घाबरलेली, "मालक, पोर तापलीय. आठ दिस राहू द्या."

तेव्हा मला कळलं की त्या दुपारी इतवाऱ्याला दाराबाहेर कोण उभं होतं.

मी म्हणाले, "राहा." घशातून हवाच निघाली. जुडगं पुन्हा हललं.

"काही तरी बोला ना मालक."

"राहा!" आता मी ओरडले. "राहा गं, कुठं जाऊ नका! तीन दिस न्हाई, जलमभर राहा!" वरच्या मजल्यावरून कामाची बाई कठड्यावर वाकून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं. आत मात्र कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्यांच्यापर्यंत माझ्यातलं फक्त ते किल्ल्यांचं वाजणं पोचत होतं.

आमच्या या दाराला खाली फट आहे, कडीजवळ नाही. नवीन दार, ताहेरनं चांगलं जाड बसवलेलं. तरी तिथं बोटभर उजेड दिसत होता. मी डोळा लावला. सारवलेली जमीन. गोधडीतून बाहेर आलेला लहान पाय, घोट्याला चांदी. इतकंच. मग ते झाकलं गेलं, कारण पलीकडून कुणीतरी डोळा लावला होता. काजळ पसरलेलं, पापण्या ओल्या. तो डोळा सरळ माझ्यात बघत होता आणि त्याला ऊन दिसत होतं.

आतून कडी निघाली. बाहेर माझं कुलूप होतं, दार हललंही नाही. तरी ती बाई उंबऱ्यावर आल्यासारखी म्हणाली, "कोनी न्हाई."

कलीम म्हणाला, "चल मंग."

बोचकं उचलल्याचा आवाज झाला. मला ठाऊक होतं ते कुठं निघालेत.

त्याच वेळी खाली ऑटो सुरू झाला.

७

मी जिना कसा उतरले ते मला ठाऊक नाही. गुडघे आठवत नाहीत. ऑटो फाटकातून अर्धा बाहेर गेला होता. मी हुडाला हात मारला.

रत्नम्मा बाहेर वाकली. "काय राह्यलं? झाडून नेलं सगळं. खिळा बी तुमचाच हाय, भिंतीतच ठेवलाय."

शिवगंगा मागच्या सीटवर आडवी होती. चादरीतून पाय बाहेर आला होता.

मी जुडग्यातनं घुंगरू काढून घेतलं, त्या खोलीची किल्ली काढली आणि रत्नम्माच्या मुठीत कोंबली.

"राहा," मी म्हणाले. हा आवाज नीट निघाला.

"आन तो कागद?"

"चुलीत घाल."

तिनं मूठ उघडून किल्ली बघितली. मग ऑटोवाल्याला म्हणाली, "उतरव रे भाऊ, बघत काय राह्यला. खालाचं डोकं परत फिरायच्या आत उतरव."

कुलूप तिनंच उघडलं. मी तिच्या मागं उभी. फरशी अजून ओली होती. तक्त्यावरची हाडं, बंद पंखा, खिडकीतून पडलेला उन्हाचा पट्टा. ओल्या फरशीवर, दारापासून आत, कापसाची एक बारीक रेघ चिकटली होती. रत्नम्मा पदरानं ती पुसायला गेली, मी तिचा हात धरला. मग सोडला. पोरीला टेकवायचं होतं.

८

ताहेर तिसऱ्या दिवशी म्हणाला, "असं केलं तर एक दिस घर त्यांचंच होऊन जाईल, अम्मी." मी म्हणाले, "राहणाऱ्याचं थोडं होऊ दे की." तो चिडला, मग हसला, मग त्यानं बाकी खोल्यांच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. तो त्याच्या जागी खोटा नाही. पण कोपऱ्याच्या खोलीचे मधले तीन दिवस आता येत नाहीत.

शिवगंगा बरी झाली. दुपारी हाडांची नावं मोठ्यानं पाठ करते. मी अजून वर जाते, व्हरांड्यात चटई टाकते, भिंतीला कान लावते. हाडांचीच नावं येतात. तात नाही, खोकला नाही. मी किती ऐकायचा प्रयत्न करते ते कुणाला सांगू. सातवा ठोका चुकल्यावरचं ते "हं" एकदा, नुसतं एकदा यावं. न्हाई येत. मीच ते दार कायमचं उघडं केलं.

परवा शिवगंगा खाली आली, ताकाचा तांब्या घेऊन.

"दादी, दुपारी तुमी आमच्या दारापाशी उभ्या राहता का?"

"न्हाई गं. मी चटईवरच असते. परवापासून तर गुडघ्यानं वरच आले न्हाई."

"मंग घुंगरू कोनाचं वाजतं? एकाच पायाचं. दारापाशी येतं, थांबतं, जातं. मी उघडून बघते तर कोनी नसतं."

घुंगरू माझ्या पेटीत होतं, ओढणीच्या टोकात, कापसासोबत. मी तांब्या खाली ठेवून पेटी उघडली, गाठ चाचपली. पोरगी घाबरली. "दादी? काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "आता वाजलं की उठून उघडायचं न्हाई, बघायचं न्हाई. निसतं आतून म्हनायचं, ये, राहा."

ती हसली. नव्या पोरींना सगळ्याचं हसू येतं.

"किती दिस राहा म्हनू?"

"दिस," मी म्हणाले, "सांगायचेच न्हाईत."